झिप निर्दोष सुटली: एका ड्राय सूटच्या गळतीचं प्रकरण

तक्रार आणि निदान दोन्ही एकाच वाक्यात आलं: "झिप गेलीय, नवी बसवायची आहे." ड्राय सूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा, आत हवा असलेला डाइव्हिंगचा पोशाख. हा सूट ट्रायलॅमिनेटचा होता, म्हणजे बाहेर-आत कृत्रिम धाग्याचं कापड आणि मध्ये ब्यूटाइल रबराचा पातळ थर. पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवी पितळी झिप, गळ्याला आणि मनगटांना लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, अंगाला घट्ट बसून पाणी अडवणारी सील, पायांना सूटच्याच कापडाचे जोडलेले मोजे आणि त्यांवर घालायचे वेगळे रॉक बूट. छातीवर हवा भरायचा इन्फ्लेटर, डाव्या दंडावर हवा सोडायचा एक्झॉस्ट व्हॉल्व. सूटची मालकीण माझी डाइव्हिंगमधली मैत्रीण. तिने तो वापरलेला घेतला होता. पहिला हंगाम कोरडा गेला, दुसऱ्यात डावा पाय ओला व्हायला लागला. आता प्रत्येक डाइव्हनंतर मोजा पिळावा लागत होता.

झिपवर संशय जाणं स्वाभाविक आहे. ड्राय सूटमधला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात गूढ वाटणारा भाग तोच. खरं तर रचना सोपी आहे: रबर चढवलेल्या दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींना भिडतात आणि पितळी दात त्या कडा घट्ट दाबून धरतात. पाणी अडवतं ते रबर, दात फक्त दाब देतात. अशा दाबबंद झिप बी. एफ. गुडरिच कंपनीने विकसित केल्या, आणि तिनेच अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेतल्या अंतराळवीरांचे सूट बनवले. तिथली गरज हवा आत कोंडण्याची होती, आपली पाणी बाहेर ठेवण्याची. काम मात्र तेच.

पण झिप बदलणं म्हणजे शर्टाची चेन बदलणं नव्हे. जुनी पट्टी कापडापासून सोडवायची, डिंकाचे थर खरवडायचे, नवी पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवायची आणि वर टेप मारायचा. एकदा कात्री लागली की माघार नाही. त्यामुळे झिप खरोखर दोषी आहे हे डोळ्यांनी दिसेपर्यंत तिला हात लावायचा नाही, एवढं मी आधीच ठरवून टाकलं.

ओल कुठे, आणि कधी

गळतीच्या तक्रारीत लोक एकच गोष्ट सांगतात: कुठे ओलं झालं. ती अर्धीच माहिती असते. पाणी आत शिरलं की उताराला लागतं, आणि बाहेर येऊन उभं राहिलं की सगळं तळव्याशी जमतं. गळ्यातून आलेलं, मनगटातून आलेलं, झिपमधून आलेलं, सगळ्याचा शेवट मोज्यात. म्हणून मी पहिल्यांदा विचारलं ते वेळेबद्दल.

"पाय ओला कधी होतो? खाली जाताना, तळाशी, की वर येताना?"

"ते कळत नाही गं. बाहेर आल्यावरच दिसतं."

"बरं, गार कधी वाटतो?"

ती जरा थांबली. "सेफ्टी स्टॉपला. तिथे डावा तळवा एकदम गारठतो. उजवा ठीक असतो." सेफ्टी स्टॉप म्हणजे वर येताना पृष्ठभागाआधी घ्यायचा थांबा.

दुसरा प्रश्न अंडरसूटचा, म्हणजे ड्राय सूटच्या आत घालायच्या उबदार कपड्याचा. सूट काढल्या काढल्या अंडरसूट नीट पाहिला तर तो नकाशासारखा वाचता येतो, पण तासाभराने नाही, कारण तोवर ओल सगळीकडे पसरलेली असते. पुढच्या डाइव्हनंतर लगेच फोटो काढायला सांगितलं. फोटोत दोन वेगळे डाग होते. एक डाव्या दंडावर, तळहाताएवढा, खाली कोपरापर्यंत ओघळलेला. दुसरा डाव्या पायाला, घोट्याच्या खाली, चिंब. मधली मांडी आणि पोटरी कोरडी. पाठ, खांदे, कंबर कोरडी.

कोरडी म्हणताना थोडी सवलत द्यायला हवी. ट्रायलॅमिनेट श्वास घेत नाही. अंगाची वाफ गार कापडाला आतून लागते आणि तिथे तिचं पाणी होतं. त्यामुळे मेहनतीच्या डाइव्हनंतर अंडरसूट सगळीकडून सारखा दमट लागणं ही गळती नाही. चव घेऊन घाम की समुद्र ठरवायचा प्रयत्न करणारेही पाहिलेत, पण घामही खारटच असतो. फरक ओलीच्या आकारात असतो: दमटपणा पसरट असतो, गळतीला कडा असते.

इथे दोन डागांना दोन कडा होत्या आणि मध्ये कोरडी जागा होती. झिपमधून शिरलेलं पाणी पाठ आणि मांडी कोरडी ठेवून थेट घोट्याला पोचत नाही.

दाबाची साक्ष

सूट अजून हातात घेतला नव्हता तरी झिपच्या बाजूने आणखी एक पुरावा होता, आणि तो मला जास्त पटला. सूटमधली हवा ही एकच जोडलेली पिशवी असते, तिचा दाब सगळीकडे जवळपास सारखा. बाहेरच्या पाण्याचा दाब मात्र खोलीप्रमाणे वाढतो, दर 10 मीटरला साधारण 1 बार. उभ्या डाइव्हरच्या खांद्यापासून तळव्यापर्यंतचं अंतर सव्वा मीटर धरलं तरी वर-खाली 0.12 बारचा फरक पडतो. आतली हवा खांद्यापाशी गोळा होते, जास्तीची दंडावरच्या व्हॉल्वमधून निघून जाते, म्हणून आतला दाब खांद्याच्या पातळीवरच्या पाण्याशी जुळलेला राहतो. पायाशी पाण्याचं पारडं जड. सूट नडगीला घट्ट चिकटतो तो यामुळेच.

आता छिद्र कुठे आहे यावर सगळं ठरतं. वरच्या भागात असेल तर हवा बाहेर पडते आणि बडीला, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराला, बुडबुड्यांची बारीक रेघ दिसते. पायात असेल तर पाणी आत ढकललं जातं आणि कोणालाच काही दिसत नाही. आडवं पोहताना पाठ सगळ्यात वर असते, हवा तिथे साठते, आणि पाठीवरची झिप गळत असेल तर ती पाणी घेण्याआधी हवा गमावते.

तिच्या बडीला विचारलं. तो मागून पोहणारा आणि बारीक लक्ष ठेवणारा माणूस आहे. "पाठीवरून बुडबुडे? कधीच नाही. हात वर करून हवा सोडते तेव्हा दंडावरून येतात, तेवढेच."

शिवाय सेफ्टी स्टॉप. 5 मीटरवर 3 मिनिटं ती उभी तरंगते, आडवी राहत नाही. पूर्ण डाइव्हमध्ये डाव्या पायावर असा सलग उभा दाब तेव्हाच येतो, आणि तळवा गारठतो तोही तेव्हाच. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या जवळपास 25 पट असते. अंडरसूटमधली हवा जाऊन तिथे पाणी आलं की त्या जागेपुरती ऊब संपलीच.

साबणाचं पाणी

आता प्रत्यक्ष चाचणी. मनगटाच्या सीलमध्ये गुळगुळीत प्लास्टिकच्या बाटल्या, गळ्यात एक चेंडू, झिप बंद, एक्झॉस्ट व्हॉल्व पूर्ण घट्ट फिरवलेला. इन्फ्लेटरला होज, म्हणजे टाकीतली हवा आणणारी नळी, जोडून हवा हप्त्याहप्त्याने भरायची. सूट अंग धरून उभा राहिला की पुरे. फुगवून टणटणीत करायचा नाही, त्याने शिवणींवरचे टेप सुटतात, आणि व्हॉल्व बंद केला तरी ठरावीक दाबानंतर तो हवा सोडतोच. मग भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी ब्रशने लावायचं आणि घाई न करता पाहत बसायचं.

झिपपासून सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फेस तसाच बसून राहिला. झिपची दोन्ही टोकं, जिथे कापड सर्वात जास्त वाकतं, तिथे दोनदा लावून पाहिलं. काही नाही. दात सरळ, कडा अखंड. बाहेरून मेण लावलेलं दिसत होतं, आणि त्यावर कसला तरी चकचकीत थर होता. त्या थराकडे पुढे येऊ.

पायाशी मात्र लगेच उत्तर मिळालं. डाव्या मोज्याच्या टाचेला, शिवणीपासून बोटभर खाली, मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक येत होते, एकाच ओळीत. उजव्या मोज्यावर तसलीच झीज होती, पण छिद्र अजून पडलेलं नव्हतं. रॉक बूट उलटे करून झटकले तर वाळू पडली. बुटाच्या आतल्या तळाला वाळूचा पक्का थर बसला होता. ती सूट दर वेळी निगुतीने धूत होती आणि बूट तसेच पिशवीत टाकत होती. चालताना टाच त्या वाळूवर घासत राहिली आणि पॉलिश पेपरने करावं तसं काम झालं.

छिद्रांभोवती खडूने खूण केली, हवा सोडली, मोजा धुऊन पूर्ण वाळवला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून आतल्या बाजूने युरेथेन डिंकाचा पातळ थर, रात्रभर तसाच. इथे लोक हात सैल सोडतात आणि जाड गोळा लावतात. तो गोळा कडक होतो, त्याच्या कडेला कापड दुमडतं आणि पुढचं छिद्र तिथेच पडतं. थर कापडाबरोबर वाकला पाहिजे. झिजलेल्या पूर्ण टाचेवर बाहेरून दुसरा तसाच थर दिला, उजव्या पायालाही दिला. पुन्हा फुगवलं, पुन्हा साबण. शांत.

दंडावरच्या डागाचं निदान साबणाने होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्वमध्ये रबराचा गोल पडदा असतो. तो बाहेरच्या दिशेला उघडतो आणि आतल्या दिशेला बंद होतो. सूट फुगवून पाहिलं तर आपण त्याला उघडायच्या दिशेनेच ढकलतो. संशय उलट्या दिशेचा आहे. म्हणून बाही उलटी करून व्हॉल्वच्या आतल्या जाळीला तोंड लावून हवा ओढली. चांगला व्हॉल्व जिभेला धरून ठेवतो. हा बारीक सूं करत हवा आत देत होता.

कोमट गोड्या पाण्यात व्हॉल्व बराच वेळ बुडवून ठेवला, मधून मधून फिरवला, दाबला. आधी मिठाचा पांढुरका गढूळपणा सुटला, मग अंडरसूटच्या लोकरीसारख्या कापडाचा एक करडा धागा. तो पडद्याखाली आडवा बसला होता. धागा निघाल्यावर व्हॉल्वने दम धरला. हवा सोडताना थोडं पाणी उलट येणं, विशेषतः शेवटची हवा काढायला हात जास्त वेळ वर धरला तर, हे सगळ्यांचंच होतं. दंडाला थोडी ओल सगळ्यांनाच येते, असं ती म्हणायची; त्या बाबतीत तिचं म्हणणं खरं होतं. पण ते कोपरापर्यंत ओघळत नाही.

जी तक्रार तिने केलीच नव्हती

सूट फुगवताना मला गळतीपेक्षा मोठी गोष्ट दिसली. इन्फ्लेटरचं बटण दाबल्यावर परत यायला किंचित वेळ लावत होतं. क्षणभरच, पण बोट काढल्यावरही हवा येत राहत होती.

ओला पाय म्हणजे वाईट दिवस. अडकलेला इन्फ्लेटर म्हणजे अपघात. हवा थांबत नाही, सूट फुगत जातो, माणूस वर जायला लागतो, वर जाताना दाब कमी झाल्याने आतली हवा आणखी पसरते आणि वेग वाढतो. 10 मीटरवरची हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट जागा घेते. अशा वेळी पहिलं काम होज काढून टाकणं, त्याच वेळी दंडावरचा व्हॉल्व पूर्ण उघडून तो शरीराचा सगळ्यात वरचा भाग होईल असा धरणं. ही हालचाल प्रशिक्षणात शिकवतात, पण हातमोजे घालून, थंड पाण्यात, बोटं बधिर असताना होज निघते का हे फार कमी जण नंतर तपासून पाहतात. तिला विचारलं तर शेवटचं केव्हा काढून पाहिलं ते आठवत नव्हतं.

कारण इथेही मीठच. ती सूट धुताना इन्फ्लेटरवर वरून पाणी मारत होती, पण बटण दाबत नव्हती. मग बटणाच्या दांड्याभोवतीचं खारं पाणी जागच्या जागी वाळतं आणि त्याचे खडे होतात. मी तो उघडला नाही. आतली स्प्रिंग आणि ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) हे ज्याच्याकडे सुटे भाग आणि दाब तपासायची सोय आहे त्याचं काम. भिजवल्यावर बटण सुटं झालं तरीही सर्व्हिस होईपर्यंत हा सूट पाण्यात न्यायचा नाही, एवढं मी बजावलं. ती नाराज झाली, कारण येत्या सुट्टीचं ठरलं होतं. तरीही सर्व्हिसला पाठवला.

गळ्याचं सील

झिपवरचा चकचकीत थर सिलिकॉन स्प्रेचा निघाला. झिप जड जाते म्हणून कोणीतरी सुचवलं, तिने मारला. झिप सुरळीत झाली हे खरं, पण फवारा झिपपुरता राहत नाही. तो गळ्याभोवतीच्या कापडावर आणि सीलच्या मुळावरही बसला होता. सिलिकॉन बसलेल्या जागी डिंक धरत नाही. ज्याला कधीतरी सील बदलायचंय, आणि लेटेक्सच्या सीलवाल्या प्रत्येकाला ते कधीतरी करावंच लागतं, त्याच्यासाठी हा फवारा म्हणजे पुढच्या दुरुस्तीच्या वाटेत पेरलेला काटा. पितळी झिपला झिप बंद करून बाहेरून दातांवर मेणाची कांडी फिरवणं पुरतं. आतल्या बाजूला मेण नको, ते धागे आणि वाळू धरून ठेवतं. प्लास्टिकच्या दातांच्या झिपची गोष्ट वेगळी. तिला बंद होणाऱ्या टोकाशी तिच्यासाठीचंच वंगण लागतं, आणि तिथे उत्पादकाची पुस्तिका सांगेल तेच प्रमाण.

गळ्याचं सील अजून गळत नव्हतं. पण हलकेच ताणल्यावर दुमडीपाशी केसांसारख्या भेगा दिसल्या, आणि मानेच्या मागच्या बाजूला बोट लावलं तर चिकट लागलं. चिकटपणा तेलाचा: सनस्क्रीन, केसांचं तेल, हातावरचं क्रीम. नैसर्गिक रबराला तेलाचं वावडं. भेगा ओझोनच्या. ओझोन रबराच्या साखळीतले दुहेरी बंध तोडतो, आणि रबर ताणलेलं असेल तर हे काम फार जोरात होतं. भेगा ताणाच्या आडव्या दिशेत पडल्या होत्या, ही ओझोनची सहीच समजा. ओझोन हवेत थोडा असतोच, ठिणग्या पडणाऱ्या विजेच्या मोटरींतून तो जास्त येतो.

"सूट कुठे असतो?" मी विचारलं.

"गॅरेजमध्ये. खुंटीला. का?"

गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर होता. सूट खुंटीवर गळ्यातून लटकवलेला, म्हणजे अख्खं वजन त्या सीलवर, ताणलेलं रबर आणि शेजारी मोटर. याहून वाईट जागा शोधायची म्हटली तर थेट उन्हातच जावं लागेल. सिलिकॉनच्या सीलना ओझोन असा खात नाही, निओप्रीनलाही कमी खातो. पण सिलिकॉन फाटायला वेळ लागत नाही आणि निओप्रीन जाड असल्याने चढवायला कष्टाचं. लेटेक्स मऊ, ताणलं जाणारं आणि नाजूक. प्रत्येकाचं दुखणं वेगळं.

सील गळायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. गळ्याचं सील फाटतं ते चढवताना, काठावर, सगळे तयार होऊन उभे असताना. सूट तसाही सर्व्हिसला जात होता, सीलही बदलून घेतलं. तिथून निरोप आला की चिकटवण्यापेक्षा सिलिकॉन घालवायलाच जास्त वेळ गेला: पुसायचं, घासून ताजं रबर काढायचं, पुन्हा पुसायचं.

नवं सील तिच्या गळ्याला घट्ट बसत होतं. तासभर घालून बसल्यावर डोकं जड होणं, चक्कर येणं हे सहन करायचे प्रकार नाहीत, मानेच्या शिरांवर दाब पडतो. सीलवर कापायच्या रेघा असतात. धारदार कात्रीने एका वेळी एकच रेघ, कात्री न उचलता. मध्ये थांबून पुन्हा सुरू केलं की तिथे दाता राहतो आणि फाटायला तेवढा पुरतो. तिने एक रेघ कापली, घालून पाहिलं, आणि थांबली. जास्त कापलेलं परत चिकटत नाही.

कोरड्या जमिनीवरचं नुकसान

आता या प्रकरणातले सगळे दोष पुन्हा पाहा. टाचेची छिद्रं चालताना पडली, व्हॉल्वमधला धागा आणि मीठ धुण्यातल्या कसरीमुळे, इन्फ्लेटरचंही तेच, गळ्याच्या भेगा खुंटीवर, सिलिकॉन बाटलीतून. एकही दोष पाण्याखाली झालेला नाही. सूट खडकाला घासून फाटेल याची तिला सतत धास्ती होती, आणि तो झिजत होता तो दोन डाइव्हच्या मधल्या दिवसांत.

म्हणून बदल झाले ते तिथेच. आता ती सूट अंगावर असतानाच, झिप बंद ठेवून, गोड्या पाण्याने धुते. इन्फ्लेटरवर पाणी धरून बटण बऱ्याच वेळा दाबते, मग होज जोडून दोन-चार फवारे सोडून आतलं पाणी उडवून टाकते. एक्झॉस्ट व्हॉल्व पाण्याखाली फिरवत राहते. बूट वेगळे, उलटे, आतून. बाहेरून सूट वाळला की उलटा करून आतून वाळवते, सावलीत. गळती झाली असेल तर आतूनही गोडं पाणी, नाहीतर झिपच्या आतल्या दातांवर हिरवट थर धरतो. सील धुऊन पूर्ण वाळल्यावर त्यावर बिनवासाची टाल्कम, सुगंधी नाही. सुगंधातलं तेल रबराला नको.

ठेवायला जाड गोल दांडी, घरातल्या कपाटात, कमरेतून ओणवा टाकून, म्हणजे वजन कापडावर येतं. पितळी झिप उघडी, कुठेही तीव्र न मुडपता. प्रवासात गुंडाळताना झिप सगळ्यात शेवटच्या वेटोळ्यात, सैल. चाचणीच्या बाटल्या सीलमध्ये विसरायच्या नाहीत, ताणलेलं रबर ताणलेलंच राहिलं की वर सांगितलेलंच होतं.

चढवण्या-उतरवण्याचंही एक आहे. सीलची कड चिमटीत धरून ओढली की नख आत जातं. बोटं जुळवून हात सरळ सरकवायचा, काढताना दुसऱ्या हाताची दोन बोटं सीलच्या आत घालून ते उलगडायचं. अंगठ्या, घड्याळ, कानातलं आधीच काढून ठेवायचं. पाठीची झिप लावणाऱ्याला सांगून ठेवायचं की अडली तर थांब, जोर लावू नकोस. बहुतेक वेळा अंडरसूटची कड अडकलेली असते. एक दात निसटला की अख्खी झिप गेली, आणि मग खरोखरच ते बिल येतं ज्याच्यापासून ती आत्ता वाचली होती.

पुन्हा ओल

सुट्टीहून फोन आला. पाय कोरडा, दंड कोरडा, आणि उजवी बाही ओली.

"आता हे कुठून आलं?"

मनगटाचं सील नवं नव्हतं पण धड होतं, साबणाच्या चाचणीत पास झालेलं. अंडरसूटचा फोटो मागवला. ओल मनगटापासून सुरू होऊन आतल्या बाजूने एका पट्टीत वर गेली होती, दोन बोटं रुंद. बाकी बाही कोरडी. हा आकार ओळखीचा होता.

"कॅमेरा घेतला होतास ना?"

घेतला होता. नवा हाउसिंग (कॅमेऱ्याची पाणबंद पेटी), दोन दिवे, उजव्या मुठीत धरायचा दांडा. तिला फोनवरच म्हटलं, डाव्या हाताचा अंगठा उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ठेव आणि मूठ आवळ. दोन शिरा दोरीसारख्या वर येतात आणि मध्ये खळगा पडतो. डॉक्टरी भाषेत त्या शिरा नव्हेत, स्नायूंचे कंडरे, पण पाण्याला काय त्याचं. मूठ आवळली की सील त्या खळग्यावर पूल बांधतं आणि खालून पन्हळ मोकळी राहते. सूटमध्ये दोष नाही. कोरड्या टेबलावर बाटली घालून केलेल्या चाचणीत तो कधीच सापडणार नाही, कारण बाटली मूठ आवळत नाही.

उपाय तीन होते. सील मनगटाच्या हाडाच्या वर, हाताच्या गोल भागावर सरकवून घालायचं, तिथे कंडरे खोल असतात. पकड सैल करायची, कॅमेऱ्याचं तरंगणं नीट जुळवलं की तो आवळून धरावा लागत नाही. नाहीतर कड्यांवर बसणारे कोरडे हातमोजे घ्यायचे. हातमोजे ऊबदार खरे, पण हातमोज्यातला दाब सूटशी सारखा ठेवायला सीलखालून हवेला दोरीएवढी बारीक वाट ठेवावी लागते, आणि हातमोजा कुठे फाटला तर त्याच वाटेने पाणी थेट बाहीत येतं.

तिने पहिले दोन उपाय घेतले. सील तीन बोटं वर, आणि हाउसिंगला तरंगते फोमचे तुकडे. त्यानंतरच्या डाइव्हला पट्टी होती, पण अर्ध्या लांबीची. फोमचा आणखी एक तुकडा लावल्यावर बाही मनगटाशी फक्त दमट राहिली, आणि तिच्या मते तेवढं चालण्यासारखं आहे. झिप अजून तीच आहे.